नळीतला पीळ

जाफर गेटच्या आत मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक अरुंद गल्ली फुटायची, तिच्या तोंडाशी सांडू मिस्तरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक भाता, एक ऐरण, लोखंड आवळून धरायचा शेगडा आणि मागच्या भिंतीला लागून माणसापेक्षा लांब असा सागवानी बाक. बाकावर कायम गोणपाट टाकलेलं. लोक यायचे ते पंप गेलेला स्टोव्ह घेऊन, नाहीतर किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन. एखादा विचारायचा, "मिस्तरी, त्या गोणपाटाखाली काय हाय?" सांडू हातातलं काम न सोडता म्हणायचा, "उस्तादाचं हाय. असू द्या."

सांडू सिल्लोडकडचा, जातीनं लोहार. मिसरूड फुटलं तेव्हा नांगराचे फाळ सोडून शहरात आला आणि दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली लागला. उस्ताद जहागीरदारांच्या शिकारीच्या बंदुका बनवायचे, आणि त्यांचं नाव होतं ते नळीसाठी. साधी बंदूक आतून गुळगुळीत असते. गोळी तिच्यातून सुटते ती वाऱ्यावर सोडल्यासारखी. उस्ताद नळीच्या पोटात पीळ पाडायचे, म्हणजे दोरीला असतो तशा वळत गेलेल्या खाचा. त्या खाचांतून निघालेली गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखा तोल धरते.

गोणपाटाखालचा बाक त्याच कामाचा. त्यावर एक लाकडी लाट, म्हणजे लांब गोल रूळ होता आणि लाटेच्या अंगावर वळणं कोरलेली होती. लाट पुढं ढकलली की वळणांमुळं आपसूक फिरायची, आणि तिला जोडलेला लोखंडी गज नळीच्या आत तसाच फिरत जायचा. गजाच्या टोकाला तांदळाएवढा पोलादी दात. तो केसाएवढं लोखंड खरवडून आणायचा. मग दाताखाली कागदाचा कपटा सारून त्याला जरा वर उचलायचं आणि पुन्हा ढकलायचं, पुन्हा ओढायचं. सांडूची तरणी वर्षं त्या ढकलण्या-ओढण्यात गेली. पीळ किती द्यायचा आणि का, हे उस्तादांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की हसायचे. "नली कू पूछ बेटा, मेरे कू नको पूछ."

मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य गेलं आणि गावोगावच्या बंदुका सरकारजमा झाल्या. चौकीच्या अंगणात सरपणासारखी रास लागली होती. उस्ताद आणि सांडू तिकडून चालले होते. उस्तादांनी राशीत आपल्या हातची एक बंदूक ओळखली, जागेवर थबकले, आणि पुढं चालू लागले. त्या हिवाळ्यात ते हैदराबादला लेकीकडं निघून गेले. जाताना बाक सांडूला दिला. म्हणाले, "इसपे अब क्या बनाता तू, मालूम नइं. पर चूल में नको डाल." पुढं कधी आले नाहीत.

सांडूच्या हाताला मग स्टोव्ह आले, कुलपं आली, बादल्यांचे कान आले. बायको चतुराबाई म्हणायची, पोटाला मिळतंय ना, मग झालं. तेही खरंच होतं. काही वर्षांनी पिकं राखायला शेतकऱ्यांना परवाने मिळू लागले. ते परवाने ठासणीच्या बंदुकीचे. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, गजानं ठासायची. अशा बंदुकांचे मोडके घोडे आणि गंजलेले चाप सांडूकडं यायला लागले. काम किरकोळ होतं, पण हाताला जुना वास आला की त्याला बरं वाटायचं.

दिवाळी सरली होती. एका सकाळी एक बाई दुकानापुढं उभी राहिली. चाळिशीची असेल, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं. तिच्यासोबत आलेला गडी आत न येता पायरीवरच टेकला आणि रस्त्याकडं तोंड करून बसला. बाईनं धडप्यात गुंडाळलेली बंदूक ऐरणीशेजारी ठेवली.

"मिस्तरी तुम्हीच का?"

"व्हय. बसा बाई."

ती बसली नाही. "ह्या बंदुकीनं माझा मालक मारला."

सांडू चमकला. दारू जास्त झाली की नळी फुटते, हे त्यानं पाहिलं होतं. "फुटली का नळी?"

"फुटली नाय. चुकली."

तिचं नाव मनकर्णाबाई. फर्दापूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला तिचं वावर होतं. मका दाण्यात आला की डोंगरातून रानडुकरांचा कळप उतरायचा. भादव्यात एका पहाटे नवरा बद्रीनाथ बंदूक घेऊन बांधावर गेला. त्यानं नेम धरला होता डुकराच्या खांद्यावर, गोळी लागली मागच्या फऱ्याला. जखमी डुक्कर पळालं नाही, उलटून आलं. ठासणीची बंदूक दुसऱ्यांदा भरायला वेळ लागतो. डुकरानं तेवढा वेळ दिला नाही. धाकटा भाऊ बन्सी दहा हातांवर काठी घेऊन उभा होता, त्यानं सगळं बघितलं. पायरीवर बसलेला गडी तोच.

"तवापासून बंदुकीला हात लावला का ह्याचे हात कापत्यात," मनकर्णाबाई म्हणाली. "मग परवाना मी माझ्या नावावर करून घेतला. मला मारता येती. मालकानंच शिकवलं व्हतं, हौसेनं. पर मिस्तरी, मला अशी बंदूक पायजे का जिथं बघितलं तिथंच गोळी गेली पायजे. दुसरी मारायला मिळत नाय."

सांडूनं बंदूक हातात घेतली. घोडा त्याच्याच हातचा होता. दोन वर्षांमागं बद्रीनाथ येऊन बसवून गेला होता, हसरा माणूस, जाताना सीताफळं देऊन गेला होता. तेव्हा सांडूनं घोडा पाहिला, चाप पाहिला. गोळी कुठं जाते हे पाहायचं काम त्याचं नव्हतं.

"बाई, ही साधी नळी हाय. गोळी हिच्यात सैल ऱ्हाती. बांधापल्याड हिचा भरवसा देवालाबी देता यायचा नाय."

"मग भरवशाची करून द्या."

सांडूची नजर गोणपाटाकडं गेली. किती वर्षं कुणी असं काही मागितलंच नव्हतं.

जुनी नळी पातळ होती, तिच्यात खाच पाडली असती तर कागदासारखी फाटली असती. पण उस्तादांनी मागं एक जाड, कोरी नळी ठेवली होती, शेवटची. तशी दुसरी आणायची कुठून, हे सांडूला माहीत नव्हतं. रात्री जेवताना चतुराबाईनं विचारलं, "परवान्यात बसंल का ते?" सांडू म्हणाला, "बंदूक तीच, मालकीण तीच, ठासायची ती ठासायचीच. नळीच्या पोटात कोण वाकून बघतंय?" आणि तेव्हा खरंच कुणी बघत नव्हतं. तपासणीचे जुने साहेब बंदुकीवरचा आकडा जुळला की शिक्का मारायचे.

हिवाळाभर सांडूनं गोणपाट काढून काम केलं. लाट उस्तादांचीच वापरली. तीच होती, आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता. तिचा पीळ घट्ट, नळीच्या लांबीत गोळीला तीन वळसे देणारा. खाचाही त्यानं उस्तादांसारख्याच उथळ ठेवल्या. काम झाल्यावर नळी दिव्यासमोर धरली तेव्हा आतून उजेड वळत वळत येत होता. चतुराबाईलाही बोलावून दाखवला. ती म्हणाली, "छान दिसतंय. पर लागंल का?"

माघात तो बंदूक घेऊन फर्दापूरच्या मोटारीत बसला. वावराच्या कडेला बाभळीच्या खोडावर मनकर्णाबाईनं चुन्याचा ठिपका दिला. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, तिला मांजरपाटाची तेलात भिजवलेली चिंधी लपेटायची. चिंधी खाचांत दबते, खाचा चिंधीला फिरवतात, चिंधी गोळीला फिरवते. मनकर्णाबाईनं दारू ओतली, चिंधीवर गोळी ठेवली, गजानं ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली. बन्सी पार बैलांपाशी जाऊन कानावर हात ठेवून उभा राहिला.

बार झाला. ठिपका तसाच. बाभळीलाही काही नाही.

दुसरा बार मातीत गेला. सांडू म्हणाला, दारू वाढवा. वाढवली, तर गोळी आणखीच भरकटली. साध्या नळीपेक्षा वाईट.   मनकर्णाबाई बंदूक खाली ठेवून पुढं चालत गेली, गवतात काहीतरी वेचलं आणि तळहातावर घेऊन आली.

"मिस्तरी, ही चिंधी बघा बरं."

चिंधी कसली, दोरे उरले होते. सगळ्या अशाच, कातरीनं कातरल्यासारख्या चिंध्यांच्या चिंध्या. सांडू त्या हातात घेऊन बांधावर बसला. पीळ इतका घट्ट होता की गोळीला त्यावर चढता येत नव्हतं. दारूचा दणका बसला की ती खाचा सोडून सरळ घसरत होती आणि जाताना कापड फाडत होती. दारू जितकी जास्त, तितकी घसरण जास्त.

परत येताना मोटारीत त्यानं नळी मांडीवर आडवी धरली होती. उस्तादांची लाट खोटी नव्हती. ती काडतुसाच्या लांब, टोकदार गोळीसाठी होती. लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. गोल गोळीला ना डोकं ना शेपूट. ती उलटून उलटणार कुठं? तिला हलकीशी फिरकी पुरते. हे सरळ होतं, आणि तरणी वर्षं त्या बाकावर घालवूनही त्याला सुचलं नव्हतं. विचारायला उस्ताद नव्हते.

आता जुन्या खाचा पुसून नळी मोठी करायची आणि नवा पीळ पाडायचा. नळीच्या भिंतीत जेमतेम एकदाच तेवढं करण्याएवढं लोखंड होतं. दुसऱ्यांदा चुकलं तर नळी भंगारात. पीळ किती सोडायचा? फार सोडला तर गोळी फिरणारच नाही, कमी सोडला तर पुन्हा घसरणार. सांडू दिवसच्या दिवस नुसता बाकासमोर बसून राहायचा. स्टोव्हवाली गिऱ्हाइकं बडबडून परत जायची. कधी एक वळसा ठरवायचा, कधी पाऊण, कधी अर्धा. बाईची जुनी साधी नळी हातात धरून चिंधीतली गोळी गजानं हळूहळू ढकलायचा, जणू ती काही सांगेल. चतुराबाई एकदा चिडून म्हणाली, "आवं, कुणाला तरी इचारा की!" तो म्हणाला, "कुणाला?" 

शेवटी त्यानं सागवानाची नवी लाट घडवली, तिला ओला दोरा गुंडाळला आणि दोऱ्याच्या वळणावर खूण केली. पूर्ण लांबीत अर्धा वळसा. खाचा मात्र खोल ठेवायच्या, म्हणजे कापड आत रुतून बसेल. पहिली खाच पाडताना त्याचा हात मध्येच थांबला. आपण कशाच्या जोरावर हे ठरवलं, हे त्याला सांगता आलं नसतं. तसाच ढकलत राहिला.

पाऊस लागायच्या आत तो पुन्हा गेला. मनकर्णाबाईनं पहिला बार टाकला. ठिपक्याच्या किंचित वर पांढरं उडालं. दुसरा बार ठिपक्यात. तिसरा त्याच्याच अंगाला. सांडू गवतात धावला. चिंध्या अखंड होत्या. मध्ये काळा गोल डाग आणि कडा फुलासारख्या उमललेल्या. त्यानं त्या वर धरून दाखवल्या. मनकर्णाबाई हसली नाही. बंदूक आडवी घेऊन बांधावर बसली आणि बराच वेळ खोडाकडं बघत राहिली.

"हीच तवा असती तर," एवढंच म्हणाली.

सांडू चिंध्या मुठीत घेऊन उभा राहिला. 

त्या वर्षी तिनं दिवस मावळताना एक भलं थोरलं डुक्कर एका गोळीत जागेवर बसवलं. बाकीचा कळप काही दिवस फिरकला नाही. मका घरात आला. बन्सी स्वतः मोटारीनं मक्याचं पोतं घेऊन दुकानात आला. पाठीवरून उतरवत म्हणाला, "वैनीनं दिलंय. आन् मिस्तरी, डुक्कर पडलं त्या दिवशी म्या कानावर हात ठिवले नव्हते." आसपासच्या गावांतून लोक विचारत यायला लागले. सांडू म्हणायचा, जाड नळी आणा, करून देतो. तशी नळी कुणाकडंच नव्हती. दोन हंगाम असे गेले. सांडूच्या आयुष्यातले ते चांगले दिवस. गोणपाट घडी करून त्यानं माळ्यावर टाकून दिलं होतं.

मग राज्य पुन्हा बदललं. हैदराबाद गेलं, मुंबई आली, कचेरीतले चेहरे नवे झाले. परवाने नवे करायला बंदुका तपासणीला न्यायच्या होत्या. मनकर्णाबाई घेऊन गेली. नवे साहेब मधुसूदनराव, तरुण, चष्मेवाले, कामाला चोख. त्यांनी प्रत्येक नळी खिडकीकडं करून आतून पाहिली. मनकर्णाबाईच्या नळीतून वळलेला उजेड आला, तशी त्यांनी ती बाजूला ठेवली. बंदूक मालखान्यात जमा झाली आणि सांडूला बोलावणं आलं.

सांडू धुतलेला सदरा घालून गेला. मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"हे तुम्ही केलंत?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"परवाना साध्या नळीचा आहे. ही साधी नळी नाही. कागदाच्या हिशेबानं ही रायफल झाली."

"साहेब, रायफल कशी व्हईल? एक गोळी, तीबी ठासून. दुसरी भरस्तवर माणूस तंबाखू मळून खाईल. फक्त जिथं बघितलं तिथं जाती, एवढंच."

"मला कळतंय ते." साहेबांनी चष्मा काढून पुसला. आवाजात राग नव्हता. "आमचीही शेती आहे. डुक्कर मला माहीत आहे. पण मी सही केली तर उद्या मला विचारतील, खाचांची नळी दिसली नाही का? तुम्हाला नळी बदलायची परवानगी कुणी दिली, हेही विचारतील. ते मी विचारत नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

मनकर्णाबाई पुढं आली. "साहेब, ह्याच्या आधीची परवान्यातच बसत व्हती. तिनं माझा माणूस गेला."

मधुसूदनरावांनी तिचा परवाना पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "वर अर्ज करा. मी शिफारस लिहितो. नाहीतर मिस्तरींनी खाचा काढून नळी साधी करावी, आजच परत देतो."

"अर्ज करतो," सांडू घाईनं म्हणाला. मनकर्णाबाईनंही मान हलवली.

साहेबांनी शिफारस खरंच लिहिली. पण तो कागद कुठं गेला, हे कुणाला सांगता येईना. सांडू दर बाजारच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायचा. कारकून म्हणायचा, वर गेलाय. मग म्हणाला, मुंबईला गेलाय. मग म्हणाला, साहेबांचीच बदली झालीय, नवीन आले की बघू. सांडूला वाटायचं, कुणीतरी रागवावं, नाही म्हणावं, म्हणजे भांडता तरी येईल. पण सगळे नीट बोलायचे. एकानं तर चहा पाजला.

मका दाण्यात आला. मनकर्णाबाई शहरात आली, थेट दुकानात. या वेळी ती बसली.

"काल उतरले," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत. म्या आन् बन्सीनं डबे बडवले, आरडलो, टेंभे पेटवले. एक डुक्करीण माझ्याकडं बघत व्हती, मिस्तरी, तोंडात कणीस धरून. तिला कळलं व्हतं का माझ्या हातात काय नाय."

"कागद येईल, बाई."

"कवा?"

सांडूनं हातातला स्टोव्ह खाली ठेवला.

"खाचा काढून टाका," ती म्हणाली. "साधी तर साधी. नुसता बार तरी वाजंल."

"बाई, मागं साधीनंच..."

"मला ठाव हाय साधीनं काय केलं." तिचा आवाज चढला नाही. "रिकाम्या हातानं हुबं ऱ्हायला आता जमत नाय."

सांडूनं तिला आणखी आठवडाभर थांबायला सांगितलं. ती थांबली. आठवड्यात काही झालं नाही, फक्त उरलेला मका गेला.

मग कचेरीतून एक शिपाई बंदूक घेऊन दुकानात आला. काम त्याच्यासमोर व्हायचं होतं. सांडूनं नळी शेगड्यात आवळली, खरवडायची लांब पात आत घातली आणि फिरवू लागला. खाचा पाडायला महिने लागले होते, पुसायला एक दुपार पुरली. लोखंडाची बारीक खरवड खाली पडत होती. चतुराबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. शिपायानं वेळ जावा म्हणून विचारलं, "मिस्तरी, सुंभ जळला तरी पीळ जात नाय म्हणत्यात. ह्याचा जाईल ना?"

"सुंभाचा जात नसंल," सांडू म्हणाला. "लोखंडाचा जातो."

शिपायानं नळी उजेडाकडं धरून पाहिलं. आता उजेड सरळ येत होता. त्याचं समाधान झालं.

मनकर्णाबाई बंदूक न्यायला आली तेव्हा सांडूनं सांगितलं, की नळी दोनदा पोखरून पातळ झालीय, दारू निम्मीच घाला. आणि डुक्कर जवळ असलं तर मारूच नका. 

"मग कवा मारू?"

"मारू नका, बाई. नुसती वाजवा."

तिनं बंदूक धडप्यात गुंडाळली. बन्सी या खेपेला पायरीवर न बसता आत आला होता. त्यानं ती गुंडाळी तिच्या हातून आपल्या हातात घेतली. हात कापत होते, पण त्यानं सोडली नाही.

त्यानंतर सांडूनं बंदुकीचं काम घेतलं नाही. कुणी मोडका घोडा आणला तर दुसऱ्या मिस्तरीचं नाव सांगायचा. बाक भंगारवाल्यानं मागितला, तो दिला नाही. त्यावर स्टोव्ह मांडून ठेवायला लागला. वर पाठवलेल्या कागदाचं उत्तर आलंच नाही.

पुढल्या पावसाळ्यात मनकर्णाबाईचा निरोप आला, बाराला डुकरांनी भ्यायचं सोडून दिलंय, दुसरं काही वाजणारं करून द्या. सांडूनं तेलाचे रिकामे डबे घेतले, एक लोखंडी हातोडी ओढ्याच्या पाण्यावर हलेल अशी बसवली आणि फर्दापूरला जाऊन वावराच्या वरच्या अंगाला रोवून दिलं. दांडीच्या टोकाच्या डब्यात पाणी भरलं की हातोडी उठायची, तो ओतून रिकामा झाला की दुसऱ्या डब्यावर आदळायची. ठणाण्, मग जरा वेळ शांत, मग पुन्हा ठणाण्. पहिले काही दिवस कळप खरंच लांब राहिला. तसा निरोपही आला, आणि सांडूनं चतुराबाईला तो दोनदा सांगितला.

कणसं भरली तेव्हा तो पुन्हा पाहायला गेला. दुपार कलली होती. मनकर्णाबाई मचाणावर बसली होती, बंदूक मांडीवर. खाली बन्सी बैलांना पाणी दाखवत होता. सांडू वर चढून तिच्याशेजारी बसला. तिनं बोटानं दाखवलं.

ओढ्याच्या अंगाला मका हलत होता. वारा नव्हता. काळी पाठ दिसली, मग दुसरी, मागं पिल्लांची रांग. डबा ठणाणला. एकानंही मान वर केली नाही.

"चार दिस ऐकलं," मनकर्णाबाई म्हणाली. "आता त्याच्या तालावर खात्यात."

सांडूला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. डुकरं पल्ल्यात होती, बाभळीवरच्या ठिपक्याएवढ्याच अंतरावर. बंदूक भरलेली होती, टोपी बसवलेली होती. तिनं ती खांद्याला लावली, नळीवरून बराच वेळ पाहिलं, डुक्कर उलटलं तर त्याच्या वाटेतच, खाली बैलांपाशी उभ्या बन्सीकडं पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

"मोटार कितीला हाय तुमची?" तिनं विचारलं.

"हाय आजून येळ."

"मग बसा जरा," ती म्हणाली, आणि दोघं मका हलताना बघत बसून राहिले.